तीन महिने जमिनीवर

आषाढी पौर्णिमा झाली की आमच्या वसाहतीतल्या विहारात वर्षावास सुरू होतो. पुढचे तीन महिने रोज संध्याकाळी सातला ग्रंथवाचन. पांढऱ्या साड्यांतल्या बाया छत्र्या मिटवून दाराशी उभ्या करतात, त्यांच्या टोकांशी पाण्याची छोटी छोटी तळी साचतात, आणि वाचणाऱ्या शांताकाकूंचा आवाज माईकवरून पावसात भिजत आमच्या खिडकीपर्यंत येतो. शब्द कळत नाहीत, चाल कळते. पूर्वी तो आवाज मला नुसता पावसाळ्याचा वाटायचा. आता काही वर्षं झाली, तो आला की मला लोखंडी कढईत परतलेल्या शेपूचा वास येतो आणि आमची मित्रा दिसते. अठरा वर्षांची. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून पाय हलवणारी, साऱ्या जगावर रुसलेली.

मित्रा म्हणजे संघमित्रा, आमची एकुलती एक. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला आहे. माझी बायको रंजना शेजारच्या गावात अंगणवाडी सेविका. माझे वडील, अण्णा, याच केंद्रातून निवृत्त झालेले आणि आमच्याच क्वार्टरमध्ये आमच्याबरोबर राहणारे. आम्हा तिघांपैकी कोणीही तोवर विमानात बसलेलं नव्हतं. त्यामुळे पोरीच्या डोक्यात पायलट व्हायचं कुठून आलं, हे मला आजही नीटसं सांगता येत नाही. एवढं आठवतं, की ओझरच्या बाजूने एखादं लढाऊ विमान गडगडत गेलं की आम्ही सगळे आवाजाच्या दिशेने माना वर करायचो आणि रिकामं आभाळ बघायचो. ती मात्र त्याच्या बरीच पुढे बघायची. "आवाज मागे राहतो पप्पा, विमान पुढे गेलेलं असतं," असं तिने मला सहावीत असताना समजावलं होतं. मला ते पटायला वेळ लागला.

बारावीचा निकाल लागला, गुण चांगले पडले, आणि जूनमध्ये आमच्या घरात वादाला तोंड फुटलं. वाद पायलट व्हायचं की नाही, हा नव्हता. तो तिने अकरावीतच जिंकला होता. वाद होता कुठल्या वाटेने जायचं याचा. एक वाट थेट फ्लाईंग स्कूलची. तिथे विमान उडवायला शिका, परीक्षा द्या, लायसन्स घ्या. दुसरी वाट विद्यापीठाची. तीन वर्षांची एव्हिएशनची पदवी, आणि तिच्याबरोबरच विद्यापीठाशी जोडलेल्या फ्लाईंग स्कूलमध्ये उड्डाणाचे तास. मित्राला पहिली वाट हवी होती. ऑगस्टच्या बॅचमध्ये तिची जागाही पक्की होत आली होती.

अण्णांना दुसरी वाट हवी होती. "आधी पदवी," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

"अण्णा, लायसन्सला पदवी लागतच नाही. बारावीला फिजिक्स-मॅथ्स पाहिजे, ते झालंय माझं."

"लायसन्सला नसंल लागत. माणसाला लागती."

अण्णांचं हे बोलणं वरवरचं नव्हतं. ते कोळशाच्या यार्डात कामगार म्हणून लागले होते. पाळी संपली की नखांतली काळी घाण घासून काढायची आणि अभ्यासाला बसायचं, असं करत करत त्यांनी बाहेरून बी.ए. केलं. मी तेव्हा चौथीत होतो. पदवी हातात आल्यावर वर्षभराने त्यांना यार्डातून उचलून टाइम ऑफिसात खुर्ची मिळाली. त्या दिवशी ते पांढरा शर्ट घालून कामावर गेले आणि संध्याकाळी तो पांढराच परत आला, म्हणून आईने तो न धुता दोन दिवस खुंटीला तसाच टांगून ठेवला होता. अशा माणसाला पदवी लागत नाही हे सांगायचं तरी कसं?

मी अण्णांच्या बाजूने होतो, पण माझी कारणं वेगळी होती. आमच्या कामात प्रत्येक मोठ्या पंपाला जोडून एक स्टँडबाय पंप असतो. चालू पंप बंद पडला तर दुसरा लगेच उचल घेतो. मी मित्राला म्हणालो, "बेटा, पायलटचं सगळं तब्येतीवर असतं. उद्या कान बिघडला, पाठ बिघडली, तर हातात काय? पदवी असली तर स्टँडबाय राहतो."

"पप्पा, तुमचा स्टँडबाय पंप बसवायला तीन वर्षं लागतात का?"

रंजना पोळ्या लाटता लाटता हसली होती, ते लक्षात आहे.

मग आलं मेडिकल. कुठल्याही वाटेने जा, ते चुकत नाही. आषाढी पौर्णिमेच्या आठवड्यातच मी आणि मित्रा पहाटेच्या एसटीने पुण्याला गेलो. डोळे, कान, छाती, हृदयाचा आलेख, रक्त, लघवी. मित्राला सगळी धास्ती डोळ्यांची होती. तिने बसमध्ये रंगांच्या ठिपक्यांतले आकडे मोबाईलवर चारदा ओळखून दाखवले. डोळे एकदम चांगले निघाले. दुपारी डॉक्टर बाईंनी आम्हाला आत बोलावलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एका कागदावर बोट ठेवलं.

"हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक चार. दमायला होत नाही का तुला?"

"नाही," मित्रा म्हणाली. मग थोड्या वेळाने, "सगळेच दमतात ना?"

बाई कडक नव्हत्या. त्यांनी नीट समजावलं. यात कायमचं असं काही नाही, मुलींमध्ये हे फार दिसतं, गोळ्या आणि खाणं सांभाळलं तर भरून निघेल. "पण आज मला तात्पुरतं अनफिट लिहावं लागेल. तीन महिन्यांनी परत ये."

तीन महिने. म्हणजे ऑगस्टची बॅच गेली.

परतीच्या प्रवासात ती खिडकीशी बसली होती. पाऊस खिडकीच्या फटीतून तिच्या बाहीवर येत होता आणि ती हात हलवत नव्हती. सिन्नरचा घाट उतरताना म्हणाली, "डोळ्यांचा विचार केला, कानांचा केला. रक्ताचा विचारच केला नाही मी." दोन वर्षं ती पहाटे साडेपाचला घर सोडत होती. एकलहऱ्याहून नाशिकरोड, तिथून शहरात, तिथून गंगापूर रोडचा क्लास, मग कॉलेज. डबा बहुतेक वेळा तसाच परत यायचा. कधी बसमध्ये खाल्लं तर खाल्लं, नाहीतर चहा आणि बिस्किटं. तो परत आलेला डबा आम्ही रोज बघत होतो. अभ्यासाचं टेन्शन आहे, म्हणत होतो.

घरी आल्यावर रंजनाने रिपोर्ट हातात घेतला. ती बराच वेळ त्या एका आकड्याकडे बघत राहिली. गावातल्या पोरींना लोहाच्या गोळ्या वाटणं हे तिचं काम. रजिस्टरमध्ये नावं लिहायची, पोरींना समोर उभं करून गोळी गिळायला लावायची, त्यांच्या आयांना भाज्यांची नावं सांगायची. रिपोर्ट घडी करत ती एवढंच म्हणाली, "रक्त आहे का म्हणून गावभरच्या पोरींच्या पापण्या खाली ओढून बघते मी. माझ्या पोरीची एकदाही नाही बघितली."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराने जणू मोहीमच उघडली. माळ्यावरची लोखंडी कढई खाली आली. गव्हाच्या पोळ्या मागे पडल्या, नागलीची भाकरी आली. शेपू, चवळी, राजगिरा. खजुराची बरणी, अळिवाचे लाडू. लोह अंगी लागावं म्हणून गोळीबरोबर लिंबू सरबत, आणि गोळीच्या आगेमागे दोन तास चहा बंद, तोही साऱ्या घराला, कारण पोरीसमोर आपण कसा प्यायचा! माझे सहकारी पहिल्या पाळीला विचारायचे, "काय हो, आल्या आल्या चहा लागतो तुम्हाला हल्ली?"

आणि कलेजी. इथे खरी पंचाईत होती. वर्षावासाचे तीन महिने रंजना मांसाहार करत नाही, अण्णाही नाहीत. घरात शिजतही नाही. रंजना दोन दिवस घुटमळली आणि शेवटी विहारात शांताकाकूंनाच विचारून आली. काकू मूळच्या देवळ्याकडच्या, मनात एक आणि ओठांवर एक असं त्यांच्याकडे नाही. म्हणाल्या, "पोरीच्या अंगात रक्त नाय आन् तू माला इचारत बसली? जाय, बनव. तू नको खाऊ, तिला घाल." मग दर रविवारी कलेजी शिजू लागली. रंजना नाकाला पदर न लावता, चव न घेता, नुसत्या अंदाजाने मीठ घालून ती करायची. मित्राला कलेजी अजिबात आवडत नाही. ती एकेक तुकडा असा खायची, की प्रत्येक घासाला आम्ही तिची माफी मागावी. अण्णा तिच्याशेजारी आपली भाजी-भाकरी घेऊन बसायचे आणि तिचं ताट रिकामं होईपर्यंत उठायचे नाहीत.

जुलै सरता सरता ती महिन्याच्या तपासणीला प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली, रंजना सोबत होती. मित्राचा आकडा थोडा वर आला होता. तिथल्या नर्स रंजनाच्या ओळखीच्या. मित्राने आईचा हात धरून पुढे केला. "हिचंही बघा ना."

आठ पूर्णांक सहा निघालं. पोरीपेक्षा कमी.

दोघी घरी आल्या तेव्हा मी दारातच होतो. मित्राच्या चेहऱ्यावर राग होता की रडू, कळत नव्हतं. ती सरळ आत गेली, दोन ताटं घेतली, दोन्हीत सारखं वाढलं आणि आईला म्हणाली, "बस." रंजना म्हणाली, मी मागून खाते. "मागून नाही. आत्ता, माझ्यासमोर." त्या दिवसापर्यंत आमच्या घरात रंजना सगळ्यांच्या मागून जेवायची. असं कोणी ठरवलेलं नव्हतं, तसं होत आलं होतं. त्या पावसाळ्यात ते बंद झालं. आज मी घरातल्या सगळ्यांची ताटं एकदम मांडतो तेव्हा मला वाटतं, त्या नऊ पूर्णांक चारने आमच्या घरावर उपकारच केले.

पण तेव्हा काही तसं वाटत नव्हतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फ्लाईंग स्कूलचा निरोप आला की बॅच सुरू झाली आहे, तिची जागा दुसऱ्याला दिली आहे. त्याच संध्याकाळी मी, माझ्या मते अगदी सहज, म्हणालो, "आता विद्यापीठांच्या ॲडमिशन चालू आहेत. बघून तर येऊ."

ती ओट्यावरून खाली उतरली. "तुम्हाला बरं वाटलं ना पप्पा? मी अनफिट झाले तेव्हा?"

"काहीतरीच काय बोलतेस!" रंजना म्हणाली.

मित्रा माझ्याकडेच बघत होती. बाहेर विहारातलं वाचन सुरू झालं होतं. मी खोटं बोलू शकलो असतो, आणि बहुधा पचलंही असतं. पण डॉक्टर बाईंनी 'तीन महिने' म्हटलं तेव्हा माझ्या छातीतून एक श्वास सुटला होता, तो मला आठवत होता. आपली पोर आणखी तीन महिने जमिनीवर आहे, हा तो श्वास होता.

"हो," मी म्हणालो. "वाटलं. पाच मिनिटं वाटलं, मग लाज वाटली."

"म्हणजे तो स्टँडबाय पंप वगैरे..."

"भीती होती बेटा. भीतीला मी पंप म्हणत होतो."

अण्णा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून माझ्याकडे असे बघत होते, जणू मी चौथीतच आहे. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "बघायला येते. घेईनच असं नाही."

आम्ही दोन विद्यापीठं पाहिली. पहिलं काचेचं होतं. ब्लेझर घातलेल्या एका तरुणाने आम्हाला गारेगार खोलीत बसवलं, मित्राला टोपी घालून सिम्युलेटरमध्ये बसवलं, फोटो काढला. ती उतरली, टोपी परत दिली आणि विचारलं, "शेवटच्या वर्षातल्या किती मुलांचे उड्डाणाचे तास पूर्ण झालेत?" तो हसून म्हणाला, ती माहिती मेलवर पाठवतो. अजून पाठवतोय.

दुसऱ्या विद्यापीठाला अण्णाही आले. जुनी दगडी इमारत, व्हरांड्यात गळतीखाली ठेवलेली बादली, तिच्यात टपटप. विभागप्रमुख निवृत्त कॅप्टन होते. बूट भिजले म्हणून सँडल घालून बसले होते. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक आधीच सांगतो. एअरलाइनच्या लायसन्ससाठी पदवी लागत नाही. तेवढंच हवं असेल तर थेट फ्लाईंगला जा, वेळ वाचेल."

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "मंग ही पदवी कशापायी देता तुम्ही?"

"आजोबा, ते मी सांगण्यापेक्षा तिला एक तास वर्गात बसू द्या. नाही आवडलं तर चहा पिऊन घरी जा." मग त्यांनी मित्राने इथेही विचारलेल्या त्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून एक रजिस्टर उघडून तिच्यासमोर ठेवलं. कोणाचे तास झाले, कोणाचे रखडले, कोण मेडिकलमध्ये अडकलं, सगळं हाताने लिहिलेलं. "पावसाळ्यात विमानं कमी उडतात. कधी विमान दुरुस्तीला असतं. उशीर होतो. हे सगळ्यांना सांगतो, मग काही जण परत येत नाहीत."

वर्ग हवामानशास्त्राचा होता. आम्ही तिघं शेवटच्या बाकावर बसलो, मी, मित्रा आणि काठी मांडीवर आडवी घेतलेले अण्णा. शिकवणाऱ्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी फळ्यावर एक डोंगर काढला. डावीकडून समुद्राची ओली हवा येते, डोंगराला अडते, वर चढते, गार होते, ढग होतात, कोसळतात. डोंगर ओलांडला की ती हवा उतरते, कोरडी होत जाते. "म्हणून इगतपुरीला धो धो, नाशिकला बरा, आणि सिन्नरच्या पुढे लोक आभाळाकडे बघत बसतात," त्या म्हणाल्या. जन्मभर ज्या पावसात आम्ही छत्र्या उलट्या करून घेतल्या तो पाऊस त्या खडूच्या चार रेघांत मावला होता. अण्णा हळूच म्हणाले, "आरं, खरंच की!"

मित्राने पर्समधून एसटीचं तिकीट काढलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो डोंगर उतरवायला लागली. तिकीट पुरेना, मग माझं मागितलं. तास संपत आला तसा तिचा हात वर गेला. "मॅडम, मग नाशिकहून मुंबईला जाणारं विमान घाटावर आल्यावर वरखाली होत असेल ना?"

"होतं ना. किती आणि का, ते दुसऱ्या वर्षाला."

वर्ग हसला, आणि मित्राही हसली. पुण्याहून परतल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. अळिवामुळे नव्हेत. "पप्पा, मला हे शिकायचंय."

"स्टँडबाय म्हणून?" मी चाचरतच विचारलं.

"नाही. हेच शिकायचंय. मला वाटलं होतं, विमान उडवायचं म्हणजे फक्त विमान शिकायचं. हवा कोण शिकणार?"

मेडिकल दिवाळीपर्यंत सादर केलं तरी चालेल, असं कॅप्टन म्हणाले. ऑगस्टच्या शेवटी ती अळिवाच्या लाडवांचा डबा घेऊन होस्टेलला गेली. अश्विनी पौर्णिमेला वर्षावास संपला, त्या आठवड्यात आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. आकडा बारा पूर्णांक एक. 'फिट' लिहिता लिहिता डॉक्टर बाई म्हणाल्या, "कोणाच्या हातचं खाल्लंस गं?" मित्रा म्हणाली, "आईच्या. आणि आईने माझ्या हातचं."

पुढचं थोडक्यात सांगतो. कॅप्टननी म्हटल्याप्रमाणे उशीर झाला. पावसाळे आडवे आले, विमान दुरुस्तीला गेलं, एका पेपरला ती दोनदा बसली. पदवी मिळाली, पाठोपाठ लायसन्स मिळालं, आणि नोकरी मात्र दहा महिने मिळाली नाही. त्या दहा महिन्यांत ती एका विमानतळावर ऑपरेशन्स विभागात काम करत होती. हवामानाचे नकाशे बघून विमानांच्या वाटा तयार करायला मदत करायची. ते काम पदवीमुळे मिळालं होतं. म्हणजे माझं आणि अण्णांचं म्हणणं खरं ठरलं, असं कोणी म्हणू शकेल. मला तसं म्हणवत नाही. ती आमच्या भीतीपोटी विद्यापीठात गेली असती तर ते दहा महिने तिला शिक्षा वाटले असते. ती फोनवर मात्र ढगांबद्दल बोलायची. कुठे किती उंच चढलेत, कोणत्या विमानाला कुठून वळवलं. मी ऐकताना खिडकीबाहेर बघायचो आणि मला तिथे नुसतं पांढरं दिसायचं.

आता आठ महिने झाले, ती एका एअरलाइनमध्ये को-पायलट आहे.

परवा दोन दिवस सुट्टी घेऊन आली होती. अकरापर्यंत झोपली, संध्याकाळी आईची पांढरी साडी नेसून विहारात गेली. वाचन संपल्यावर बायांनी तिला गराडा घातला. कोणी पगार विचारला, कोणी लग्नाचं. शांताकाकू आता बऱ्याच थकल्यात, त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "खरं सांग पोरी, तिथं वर तुला भ्या नाय वाटत?"

"वाटतं की काकू, कधी कधी," मित्रा म्हणाली. "म्हणून तर पुढे दोघं बसतो. एकाला वाटलं की दुसऱ्याला सांगायचं असतं. तसा नियमच आहे."

काकू मनापासून हसल्या. "बरा नियम हाय!" मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. बायांच्या घोळक्यातून रंजनाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, भीतीला मी पंप म्हणत होतो ती संध्याकाळ तिलाही आठवली असावी; किती तरी वेळ ती तशीच बघत राहिली.